टाइमशेअर रिसॉर्ट येतोय म्हणतात, मग आपण काय काय विचारायचं?

गेल्या महिन्यात एका बचत गटाचं चार पानी पत्र आमच्याकडे आलं. एका थीम पार्कपासून जवळच हे गाव आहे. गावाचं नाव सांगू नका, असं त्यांनीच लिहिलंय, म्हणून सांगत नाही. थीम पार्कच्या पाठीमागच्या माळावर टाइमशेअर रिसॉर्ट होणार अशी तिथे बोलवा आहे. जमिनीचे दलाल फिरू लागलेत, दोघा-तिघांनी विसारही घेतलाय. गटात मात्र दोन तट पडलेत. पत्राच्या शेवटी विचारलंय, "ताई, आधी हे टाइमशेअर म्हणजे काय ते सांगा. आम्ही ज्यावर भांडतोय ती वस्तूच आम्हाला माहीत नाही."

प्रश्न आवडला आम्हाला. म्हणून आजचं बोलणं त्याच्यावरच.

सामाईक विहिरीची पाळी तुम्हाला माहीत आहे. विहीर एक, वाटेकरी सात. सोमवारी थोरल्या घराचं पाणी, मंगळवारी धाकट्याचं. आपल्या वारी मोटर आपली, दुसऱ्याच्या वारी आपण हात लावायचा नाही. टाइमशेअर हे खोलीचं तसंच आहे. रिसॉर्टमधली एक खोली वर्षातल्या बावन्न आठवड्यांत वाटून अनेक कुटुंबांना विकायची. कुणाचा दिवाळीतला आठवडा, कुणाचा जूनमधला. पैसे एकदाच आधी भरायचे आणि पुढे वीस-पंचवीस वर्षं दरवर्षी आपल्या वाट्याचे दिवस येऊन राहायचं. गर्दीच्या दिवसांचं सदस्यत्व महाग, पावसाळ्यातलं स्वस्त. हल्ली बऱ्याच कंपन्या ठरावीक आठवडा देत नाहीत, दिवस किंवा पॉइंट देतात. ते त्यांच्या कुठल्याही गावच्या रिसॉर्टमध्ये वापरता येतात, अर्थात तिथे खोली रिकामी असली तर.

पण विहिरीत आणि याच्यात एक मोठा फरक आहे. विहिरीतला आपला हिस्सा सातबारावर चढलेला असतो, तो आपल्या मुलाबाळांना जातो. टाइमशेअर घेणाऱ्याचं नाव आपल्याकडे सहसा जमिनीच्या कागदावर येत नाही. त्याला मिळतो तो फक्त राहण्याचा हक्क, तोही मुदतीचा. जमीन आणि इमारत कंपनीची. शिवाय दरवर्षी देखभालीचा खर्च म्हणून वेगळी वर्गणी भरावी लागते, तुम्ही त्या वर्षी गेलात तरी आणि नाही गेलात तरी. ही वर्गणी वाढत जाते.

कल्पना युरोपातली. स्वित्झर्लंडमध्ये १९६३ साली हापीमाग नावाच्या कंपनीने सुट्टीच्या घरांचा असा वाटा लोकांना द्यायला सुरुवात केली. आपल्या देशात स्टर्लिंग कंपनी १९८६ पासून आणि महिंद्राची क्लब महिंद्रा १९९६ पासून या धंद्यात आहे.

आता थोडं गणित करू. आकडे आम्ही समजा म्हणून धरलेत, कुणा कंपनीचे नाहीत. शंभर खोल्यांचा रिसॉर्ट. वर्षातले दोन आठवडे दुरुस्तीला सोडले तर एका खोलीचे पन्नास आठवडे विकता येतात. म्हणजे पाच हजार कुटुंबं. प्रत्येकाने तीन लाख भरले तर दीडशे कोटी रुपये. वर्षाची वर्गणी पंधरा हजार धरली तर दरसाल साडेसात कोटी, वेगळे. बांधकाम, पगार, जाहिराती, एजंटांचं कमिशन हा खर्च यातूनच होतो, सगळा नफा नव्हे. तरी दलाल जेव्हा ओट्यावर बसून म्हणतो, "माळरान आहे काकू, इथे कुसळंही उगवत नाहीत, एवढे देतोय ते घ्या," तेव्हा हे गणित डोक्यात असावं.

पत्रातली पहिली बाजू आधी ऐकू. गटातल्या तरुण सुनांचं म्हणणं असं, की रिसॉर्ट यावा. एकीने लिहिलंय, "माझे मालक रोज पहाटे चारला उठून कंपनीच्या बसने जातात. गावात काम मिळालं तर मुलांना बाप दिसेल." दुसरी म्हणते, भात आणि नाचणी करून हातात काय उरतं? आणि त्यात एक मुद्दा टाइमशेअरच्या बाजूचा खराच आहे. साध्या हॉटेलात शनिवार-रविवार गर्दी आणि मंगळवारी शुकशुकाट असतो. टाइमशेअरमध्ये लोकांनी पैसे आधीच भरलेले असतात, त्यामुळे ते ते वसूल करायला येतात, चार-सात दिवस राहतात. काम जरा बारमाही होतं. अशा ठिकाणी पुष्कळदा खोलीतच छोटं स्वयंपाकघर असतं. लोक दूध, भाजी, अंडी, पीठ बाहेरून घेतात. सात दिवस हॉटेलचं जेवून कंटाळलेलं माणूस नाचणीची भाकरी आणि सुकटाची चटणी शोधत येतं. हे गिऱ्हाईक एका दिवसासाठी आलेल्या पर्यटकाला मिळणाऱ्या गिऱ्हाइकापेक्षा पक्कं.

पण काम कुणाचं आणि कसलं, हे विचारायला हवं. खोल्या झाडणं, चादरी धुणं, बाग, भांडी ही कामं गावातल्या बायांना मिळतात आणि ती बहुतेक ठेकेदारामार्फत. रिसेप्शन, हिशेब, स्वयंपाकातला मोठा आचारी ही माणसं बाहेरून येतात. ठेकेदाराकडे असलात तरी वीस माणसांच्या वरच्या ठिकाणी भविष्यनिर्वाह निधी कापून भरला गेला पाहिजे, आणि दहाच्या वर माणसं असतील तिथे बायकांच्या तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती २०१३ च्या कायद्याने सक्तीची आहे. रात्रीची पाळी असेल तर घरी सोडायला गाडी कुणाची, हे आधीच ठरवून घ्या. अंधारात दोन किलोमीटर चालत यायचं असेल तर पहिल्याच महिन्यात सासरे म्हणतील, नको ते काम.

दुसरी बाजू वयाने मोठ्या बायांची आहे, आणि ती पाण्यापासून सुरू होते. "उन्हाळ्यात आमचा हंडा दोन मैलांवरून येतो आणि त्यांच्या तलावात पोरं डुंबणार?" असं एका काकूंनी लिहून घ्यायला सांगितलं. हे नुसतं रागाचं बोलणं नाही. जल जीवन मिशनमध्ये खेड्यातल्या माणसाला दिवसाला ५५ लिटर पाणी असं माप धरलंय. पाणी पुरवठ्याच्या सरकारी मापदंडात साध्या हॉटेलच्या एका खाटेमागे दिवसाला १८० लिटर, आणि पंचतारांकित असेल तर ३२० लिटर धरतात. शंभर खोल्या, दोनशे खाटा, प्रत्येकी १८० लिटर म्हटले तर रोज ३६ हजार लिटर झाले. ५५ च्या मापाने एवढ्यात साडेसहाशे माणसांचं गाव चालतं. पोहण्याचा तलाव आणि हिरवळ यात धरलेली नाही.

म्हणून पहिला प्रश्न जमिनीच्या भावाचा नाही. पाणी कुठून आणणार, हा पहिला प्रश्न. बोअर मारणार असतील तर किती आणि कुठे? सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर-बोअर खणू नये, हे बंधन महाराष्ट्रात १९९३ च्या कायद्यापासून आहे. तुमच्या नळयोजनेच्या विहिरीपासून तो माळ किती लांब, हे दोरी घेऊन मोजता येतं. सांडपाणी शुद्ध करून बागेला वापरणार की ओढ्यात सोडणार, हेही विचारा. ओढ्याच्या खाली कुणाची वस्ती आहे ते त्यांना नकाशावर दिसत नाही, आपल्याला माहीत असतं. बांधकाम २० हजार चौरस मीटरच्या वर असेल तर २००६ च्या नियमाप्रमाणे पर्यावरण मंजुरी लागते. त्या अर्जात पाण्याचा हिशेब लिहावा लागतो. तो कागद मागवा आणि गटातल्या शिकलेल्या मुलीला मोठ्याने वाचायला सांगा.

आता जमीन. इथे जरा थांबून बोलू, कारण या पत्रात शेवटून दुसऱ्या ओळीत एक वाक्य आहे, जे लिहिणारीला कदाचित फार महत्त्वाचं वाटलं नसेल. ती लिहिते, "माझ्या नणंदांना भावांनी सहीसाठी बोलावलंय, साडी-चोळी करणार आहेत."

मैत्रिणींनो, ती सही म्हणजे हक्कसोडपत्र असतं. जमिनीला भाव आला की वर्षानुवर्षं न आठवलेल्या बहिणी आठवतात. खरेदीखताला अडथळा नको म्हणून दलालच सांगतो, आधी बहिणींच्या सह्या घ्या. ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू वारसा कायद्यात मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकाच जन्मतः वाटा आहे. बाप त्या तारखेआधी वारला असला तरीही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर नोंदवलेली वाटणी झाली असेल तर ती उलटत नाही, एवढा अपवाद. सातबारावर नाव नाही म्हणजे हक्क नाही, असं नसतं. आणि एकदा नोंदणी कार्यालयात जाऊन हक्क सोडला की तो परत मिळवणं फार अवघड. भावाचं नातं तुटावं असं आम्ही म्हणत नाही. बहिणीने खुशीने सोडलं तर तो तिचा निर्णय. पण ज्या कागदावर सही करतोय त्यात किती गुंठे आहेत आणि आज त्यांचा भाव काय, हे माहीत असून सोडणं वेगळं आणि साडीची घडी मोडून अंगठा देणं वेगळं. भाऊबीज दरवर्षी येते, हक्कसोड एकदाच होते.

घरातल्या सुनांनीही बघावं. नवऱ्याच्या नावची जमीन विकली जाताना पैसे कुणाच्या खात्यात जमा होणार? एकत्र खात्यात की एकट्याच्या? जमिनीच्या पैशाची गाडी आली, बंगला अर्धा बांधला, आणि पाच वर्षांनी तोच माणूस त्याच जमिनीवर गेटवर उभा, अशी घरं आपण सगळ्यांनीच पाहिलीत.

तुमच्या शेजारच्या वाडीवर कातकरी, ठाकर कुटुंबं असतील तर त्यांना हे जरूर सांगा. आदिवासीची जमीन बिगर आदिवासीने घ्यायची तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय व्यवहार होत नाही. विक्रीच नव्हे, गहाण आणि भाडेपट्टासुद्धा. वारशाचा जो कायदा आत्ता सांगितला तो त्यांना थेट लागू नाही, त्यांनी वेगळा सल्ला घ्यावा. वर्ग दोनची जमीनही परवानगीविना विकता येत नाही. दलाल म्हणेल, "तुम्ही नुसतं कुलमुखत्यारपत्र द्या, परवानगीचं आम्ही बघतो." असं मुखत्यारपत्र देऊ नये. विसार घेताना पावतीवर उरलेली रक्कम आणि मुदत लिहिलेली असावी. वकिलाची फी परवडत नाही असं कुणी म्हणू नका. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते आणि बाईला तिथे वकील फुकट मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. १५१०० हा त्यांचा फोन क्रमांक.

विकायचीच नसेल तर भाडेपट्ट्याने देता येते का, हेही पत्रात विचारलंय. परवानग्या मिळाल्या तर देता येते. आमचं मत विचाराल तर माळ विकण्यापेक्षा तो बरा. दर काही वर्षांनी भाडं वाढण्याची अट आणि कंपनी निघून गेली तर जमीन साफ करून परत देण्याची अट त्यात असायला हवी.

कंपनी निघून जाईल का? जाऊ शकते. खालापूर तालुक्यातला इमॅजिका पार्क २०१३ साली मोठ्या थाटात सुरू झाला. पुढे कर्जाचा बोजा झाला आणि २०२२ मध्ये कंपनीचा ताबा मलपाणी समूहाकडे गेला. पार्क आजही चालू आहे. पण मूळच्या मालकाने गावाला तोंडी काही कबूल केलं असेल तर ते नव्याने कुणाकडे मागायचं? अमेरिकेतली गोष्ट तर आणखी बोलकी आहे. फ्लोरिडात डिस्नेचा मोठा थीम पार्क १९७१ पासून आहे आणि त्यांचा टाइमशेअर क्लब १९९१ पासून. तिथल्या पहिल्या रिसॉर्टचा मूळ करार २०४२ पर्यंतचा होता. त्याच डिस्नेने २०१८ मध्ये तळ्याकाठी नवा रिसॉर्ट जाहीर केला, २०२२ ला उघडणार म्हणून. २०२० मध्ये काम थांबलं. २०२४ मध्ये तो वेगळ्या नावाने पुन्हा जाहीर झाला. एवढ्या मोठ्या कंपनीचं हे. तिथे जमीन त्यांचीच होती, म्हणून कुणाच्या शेताचं नुकसान झालं नाही. आपल्याकडे मात्र रिसॉर्ट येणार म्हणून म्हशी विकून टपरीसाठी कर्ज काढणारी माणसं आहेत. बांधकामाची परवानगी हातात दिसेपर्यंत गटाने कर्ज उचलू नये.

आणखी एक गोष्ट पत्रात नव्हती, ती आम्हीच सांगतो. असा रिसॉर्ट आला की त्याचं सदस्यत्व विकणारे एजंटही येतात. "तुमचा नंबर सोडतीत लागलाय, जोडीने या, भेट घेऊन जा," असा फोन येतो. तिथे दोन तास बसवून गोड बोलतात आणि आजच सही केली तर एवढी सूट म्हणतात. युरोपात टाइमशेअर घेतल्यावर चौदा दिवसांत करार मोडायचा हक्क कायद्यानेच दिलाय. आपल्याकडे टाइमशेअरचा वेगळा कायदा नाही. काही कंपन्या करारात मुदत देतात, पण ती वाचून घ्यावी लागते. फसवणूक झाली तर दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही. १९१५ वर फोन करूनही सल्ला मिळतो.

त्याहून सावध राहायचं ते एका दुसऱ्याच प्रकारापासून. एजंट म्हणाला की "राहायला नाही गेलात तरी चालेल, मुदतीनंतर पैसे वाढून परत मिळतील," तर ते टाइमशेअर राहत नाही, ती ठेव गोळा करण्याची योजना होते आणि तिला सेबीकडे नोंदणी लागते. मुंबईच्या पॅनकार्ड क्लब्ज कंपनीने असंच केलं. हॉटेलच्या खोलीतल्या रात्री विकायच्या आणि न राहणाऱ्याला मुदतीनंतर वाढीव रक्कम देऊ म्हणायचं. सेबीने २०१४ मध्ये पैसे गोळा करणं थांबवायला लावलं आणि २०१६ मध्ये परत करायचा आदेश दिला. तोवर पन्नास लाखांहून अधिक लोकांचे सात हजार कोटींवर रुपये त्यात गेले होते. त्यात मोठी माणसं थोडीच, छोटे हप्ते भरणारेच जास्त. पैसे गोळा करणारा एजंट बहुतेक वेळा ओळखीचा असतो, नात्यातला असतो, म्हणून तर आपण देतो. गटाच्या बचतीतला एकही रुपया असल्या योजनेत घालू नका, अगदी गटाच्या अध्यक्षाबाईच आग्रह करत असल्या तरी.

आता पत्र लिहिणाऱ्या गटासाठी. तुम्ही दोन तट म्हणता, पण पत्र पुन्हा पुन्हा वाचलं तेव्हा आम्हाला ते तितके लांब वाटले नाहीत. सुनांना काम हवंय, सासवांना पाणी राहायला हवंय. दोघी मिळून एकच अर्ज लिहू शकता. नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घेणं पंचायतीला बंधनकारक आहे. तिथे ठराव मांडा, त्यावर सह्या करा आणि ग्रामपंचायतीकडून ठरावाची नक्कल घ्या. ग्रामसभेला शंभर माणसं किंवा मतदारांच्या पंधरा टक्के, यातला जो आकडा कमी तेवढी हजेरी लागते. तेवढ्या बाया तर तुमच्या गावच्या सगळ्या गटांत मिळूनच असतील.

ठरावात आम्ही काय लिहू, ते सांगतो. पाण्याचा स्रोत आणि रोजचा वापर लेखी द्यावा. गावची पाणंद आणि गुरचरण बंद करू नये. कामावर घेताना गावातल्या बायांची यादी आधी विचारात घ्यावी आणि नेमणुकीचं पत्र द्यावं. भाजी, दूध, पापड-लोणचं, धुलाई यासाठी गटांशी वर्षाचा करार करावा, नुसतं "घेऊ तुमच्याकडून" नको. खाण्याच्या वस्तू विकायच्या तर अन्नपरवान्याची नोंदणी लागते. ती आत्ताच करून ठेवा, रिसॉर्ट आला नाही तरी आठवडे बाजारात उपयोगी पडेल. पंचायतीला घरपट्टी किती मिळणार आणि त्यातलं पाण्यावर किती खर्च होणार, हेही विचारून ठेवा. मालक बदलला तरी या अटी नव्या मालकाला लागू राहतील, ही ओळ विसरू नका.

पुढची नियमित ग्रामसभा २ ऑक्टोबरच्या सुमारास असेल. त्याच्या आत महिलांची सभा व्हायला हवी, म्हणजे हातात फार दिवस नाहीत. आणि ज्या ताईंनी नणंदांच्या सहीचं लिहिलंय, त्यांनी आज संध्याकाळीच नणंदांना एक फोन करावा.